घर आपलं, पण राहायचं नाही

अमेरिकेच्या इन्कम टॅक्स कायद्यात ४०८ नंबरचं एक कलम आहे. निवृत्तीसाठी स्वतःच्या नावाने जे खातं उघडता येतं, ज्याला तिकडे सगळे 'आयआरए' म्हणतात, त्याचे नियम या कलमात आहेत. हे कलम १९७४ साली लिहिलं गेलं तेव्हा खात्यातले पैसे कशात गुंतवायचे नाहीत याबद्दल त्यात एकच गोष्ट होती. आयुर्विमा. आयुर्विम्याची पॉलिसी घ्यायची नाही, बस्स. शेअर चालतील असं कुठे लिहिलेलं नाही, बँकेतली ठेव चालेल असं नाही, आणि घर चालेल किंवा चालणार नाही असंही नाही.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी व्हाइटलिस्ट केलीच नाही. ब्लॅकलिस्ट केली आणि तीत एक ओळ टाकली. अशा कोडचं पुढे काय होतं हे कुठल्याही प्रोग्रॅमरला विचारा.

तर आजचा विषय हा. अमेरिकेत काही लोक आपल्या निवृत्तीच्या खात्यात चक्क घरं ठेवतात. भाड्याने दिलेली घरं, मोकळे प्लॉट, गोदामं, कधीकधी शेतं. या प्रकाराला 'सेल्फ-डायरेक्टेड आयआरए' म्हणतात. (हे नाव कायद्यात शोधू नका, सापडणार नाही. ते धंदेवाल्यांनी दिलेलं आहे. कायद्याच्या दृष्टीने ती साधी आयआरएच.) ऑनसाइट जाऊन आलेल्या आपल्या मंडळींपैकी बऱ्याच जणांचं तिकडे एखादं जुनं ४०१(के) पडून असतं, माझंही आहे. दर चार-सहा महिन्यांनी कुणाची तरी मेल येते, "अरे, त्या पैशातून तिकडे घर घेऊन भाड्याने देता येतं म्हणे, खरं का?" खरं आहे. पण 'हो' एवढंच उत्तर दिलं तर फसवल्यासारखं होईल, कारण या सोयीला एक इतिहास आहे आणि तो वाचल्याशिवाय ती सोय आहे की सापळा ते कळत नाही.

सुरुवात इंडियाना राज्यातल्या साउथ बेंड गावापासून करू. तिथे स्टुडबेकर नावाची मोटारींची कंपनी होती. १८५२ साली घोड्यांच्या गाड्या बनवण्यापासून सुरू झालेली, म्हणजे आपल्याकडे बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली त्याच्या आदल्या वर्षीची. डिसेंबर १९६३ मध्ये कंपनीने साउथ बेंडचा कारखाना बंद करायचं जाहीर केलं. कामगारांची पेन्शन योजना १९५० पासून होती, युनियनशी रीतसर करार करून केलेली. पण योजना सुरू झाली तेव्हा कामगारांच्या मागच्या नोकरीचीही पेन्शन कबूल केली होती आणि त्या जुन्या देण्याचे पैसे फंडात हळूहळू, तीस वर्षांत भरायचे असं ठरलं होतं. तीस वर्षं व्हायच्या आत कारखानाच संपला.

मग हिशोब झाला. जे आधीच निवृत्त झाले होते आणि ज्यांनी साठी गाठली होती अशा सुमारे ३,६०० लोकांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते साठ वयाच्या, दहा वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या सुमारे ४,००० जणांना त्यांच्या हक्काच्या जेमतेम १५ टक्के रक्कम एकदाच हातात ठेवून मोकळं केलं. उरलेल्या सुमारे २,९०० लोकांना काहीही मिळालं नाही. त्या मधल्या गटाचं सरासरी वय ५२ होतं आणि सरासरी नोकरी २३ वर्षांची. आपल्याकडे गिरणी संपानंतर गिरणगावात जे झालं ते ज्यांनी ऐकलंय त्यांना या आकड्यांच्या मागची घरं वेगळी दाखवायला नकोत.

यातली महत्त्वाची गोष्ट ही की कुणी पैसे खाल्ले नव्हते. सगळं कायदेशीर होतं. आणि म्हणूनच ते भयंकर होतं.

पैसे खाण्याचं प्रकरण शेजारीच चालू होतं. टीमस्टर्स ही ट्रकवाल्यांची युनियन. तिचा 'सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंड' साठच्या दशकात जमीनजुमल्यावर कर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी एक झाला होता. लास व्हेगासमधलं 'सीझर्स पॅलेस' १९६६ साली उभं राहिलं ते याच फंडाच्या कर्जावर. ट्रकवाल्यांच्या म्हातारपणाच्या पैशातून जुगाराचा महाल! युनियनचा पुढारी जिमी हॉफा. (हाच तो पुढे १९७५ साली गायब झालेला आणि कधीच न सापडलेला.) त्याच्यावर १९६४ साली शिकागोत जो खटला चालला तो आपल्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. फ्लोरिडात 'सन व्हॅली' नावाची एक वसाहत काढली होती, निवृत्त ट्रकवाल्यांनी तिथे प्लॉट घ्यावेत म्हणून. त्या जमिनीत हॉफाचा स्वतःचा छुपा हितसंबंध होता. स्कीम बुडायला लागली तेव्हा तिला वाचवण्यासाठी पेन्शन फंडातून दिलेल्या कर्जांमधली रक्कम वळवली गेली, असा आरोप होता. चौदा कर्जं, मिळून सुमारे २ कोटी डॉलर. ज्युरीने त्याला दोषी ठरवलं.

म्हणजे बघा, निवृत्तीच्या पैशातून जमीन घ्यायची, त्या जमिनीत आपलाही छुपा वाटा ठेवायचा, आणि हे सगळं निवृत्त लोकांसाठीच चाललंय असं म्हणायचं. सेल्फ-डायरेक्टेड आयआरएचे आजचे नियम जाचक का आहेत असं कुणी विचारलं तर मी त्याला सन व्हॅली सांगतो.

या दोन भीतींपोटी एक कायदा आला. पैसे पुरेसे नसतील ही एक भीती, आणि असलेच तर सांभाळणाराच खाईल ही दुसरी. न्यूयॉर्कचे सिनेटर जेकब जॅव्हिट्स यांनी पहिलं विधेयक १९६७ साली मांडलं. सात वर्षं वाद झाले. शेवटी २ सप्टेंबर १९७४ रोजी, तिकडच्या कामगार दिनी, अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी सही केली. निक्सन राजीनामा देऊन जाऊन महिनाही झाला नव्हता. या कायद्याला आद्याक्षरांवरून 'एरिसा' म्हणतात. एरिसाचा मुख्य जीव कंपन्यांच्या पेन्शनीत होता. पण ज्यांच्या कंपनीत पेन्शनच नाही त्यांचं काय, असा प्रश्न होताच, म्हणून त्यांच्यासाठी एक छोटं खातं ठेवलं. वर्षाला पगाराच्या १५ टक्के किंवा १,५०० डॉलर, यातली जी रक्कम कमी असेल तेवढी त्यात टाकायची, त्यावर टॅक्स आज नाही, म्हातारपणी काढाल तेव्हा भरा. (स्वतःचा व्यवसाय असलेल्यांसाठी असं काही १९६२ पासून होतं, ब्रुकलिनचे काँग्रेसमन कीओ यांच्या नावाने ओळखलं जाणारं.) ही ती आयआरए.

मोठ्या कायद्याच्या कोपऱ्यातलं हे छोटं खातं. १,५०० डॉलरमध्ये कोण घर घेणार? माझा अंदाज असा की ब्लॅकलिस्ट एका ओळीची राहिली याचं कारण हेच असावं. त्या रकमेकडे बघून कुणाला जास्त विचार करावासा वाटला नसेल. खातं बँकेनेच, किंवा सरकारने मान्य केलेल्या दुसऱ्या संस्थेने सांभाळायचं, एवढी अट होती, आणि बँका स्वतःच्या ठेवी विकत होत्या. प्रश्न मिटला.

पण त्याच कायद्यात दुसरं एक कलम होतं, ४९७५. ते मात्र विचार करून लिहिलेलं होतं. खासगी धर्मादाय ट्रस्टांमध्ये मालक लोक हात मारतात म्हणून १९६९ साली काही नियम केले होते, त्यांच्या साच्यावर हे बेतलं. कलम असं म्हणतं की निवृत्तीच्या पैशाने काय विकत घेतलं यापेक्षा कुणाशी व्यवहार केला ते आम्ही बघणार. मग 'अपात्र' माणसांची यादी आहे. तुम्ही स्वतः. तुमची बायको किंवा नवरा. तुमचे आई-वडील, आजी-आजोबा आणि वरची पिढी. तुमची मुलं, नातवंडं. मुलानातवंडांचे नवरे-बायका, म्हणजे जावई आणि सूनही. यांच्यापैकी कुणीही खात्याला काही विकायचं नाही, खात्याकडून विकत घ्यायचं नाही, भाड्याने द्यायचं-घ्यायचं नाही, उसने द्यायचे-घ्यायचे नाहीत, सेवा पुरवायची नाही, खात्यातल्या वस्तूचा उपभोग घ्यायचा नाही.

यादीत भाऊ-बहीण नाहीत. काका, मामा, चुलतभाऊ कुणीच नाही. म्हणजे खात्यातल्या घरात सख्खा भाऊ बाजारभावाने भाडेकरू म्हणून राहिला तर निदान या यादीपुरती हरकत नाही. बाप राहिला तर खलास. भावाभावांचे हितसंबंध वेगळे असतात हे अमेरिकन संसदेने गृहीत धरलंय. भाऊबंदकी हा शब्द त्यांना कुणी शिकवला कोण जाणे :-)

आता प्रत्यक्षात हे कसं चालतं ते पाहू, कारण मेलमध्ये विचारणाऱ्यांना हेच माहीत नसतं. समजा खात्यातून ओहायोत एक घर घेतलं. खरेदीखत तुमच्या नावावर होत नाही. ते होतं 'अमुक ट्रस्ट कंपनी, तमक्याच्या आयआरएच्या लाभासाठी' अशा लांबलचक नावावर. भाडं तुमच्या बँकेत येत नाही, खात्यात जातं. घरपट्टी, विमा, दुरुस्ती सगळं खात्यातून. नळ गळायला लागला तर प्लंबर बोलवायचा, त्याचं बिल कस्टोडियनकडे (म्हणजे खातं सांभाळणाऱ्या संस्थेकडे) पाठवायचं आणि त्यांनी ते खात्यातून भरायचं. तुम्ही स्वतः पाना घेऊन गेलात तर ती 'सेवा' झाली. शनिवारी जाऊन भिंत रंगवलीत तर तीही सेवा. कायद्याचा अर्थ इतका ताणायचा का यावर वकिलांचे मतभेद आहेत, पण सावध वकील ब्रश हातात घेऊ देत नाहीत. आणि छप्पर गेलं, बारा हजारांचा खर्च निघाला आणि खात्यात तीनच हजार आहेत, तर? खिशातून भरता येत नाही. खात्यात नवीन पैसे टाकायचे तर वर्षाची मर्यादा आहे, २०२५ सालासाठी ती ७,००० डॉलर होती (पन्नाशीच्या पुढच्यांना आणखी १,०००). दुसऱ्या जुन्या खात्यातून रक्कम वळवता आली तर ठीक, नाहीतर पाऊस पडत राहणार आणि बँकेत पैसे असून मालक बघत बसणार.

नियम मोडला तर दंड भरून सुटका नाही. ज्या वर्षी तो व्यवहार झाला त्या वर्षीच्या १ जानेवारीला तुमचं ते अख्खं खातं संपलं असं धरतात. सगळी रक्कम त्या वर्षीचं उत्पन्न, त्यावर टॅक्स, साडेएकोणसाठच्या आतले असाल तर वर १० टक्के. एका खोलीचा उपभोग घेतला म्हणून एका खोलीपुरता टॅक्स असा प्रकार नाही.

आपल्या लोकांसाठी मला यातली सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच वाटते. आई-बाबा व्हिसावर सहा महिन्यांसाठी येतात. वन-बेडरूममध्ये पाच माणसं. तिकडे दहा मैलांवर खात्यातलं घर भाडेकरू गेल्यामुळे रिकामं पडलंय. त्यांना तिथे ठेवता येत नाही. एक रात्रही नाही. बाजारभावाने भाडं घेतलं तरी नाही.

पुढचा टप्पा १९८१. रेगन यांच्या टॅक्स कायद्याने आयआरए सगळ्या नोकरदारांना खुली केली, कंपनीची पेन्शन असो वा नसो, आणि मर्यादा २,००० डॉलर केली. (१९८६ मध्ये त्यातली सवलत पुन्हा आखडली.) त्याच १९८१ च्या कायद्यात ब्लॅकलिस्टमध्ये भर पडली. लोक निवृत्तीच्या पैशातून चित्रं, गालिचे, पुरातन वस्तू, धातू, रत्नं, पोस्टाची तिकिटं, नाणी आणि दारूच्या बाटल्या घेऊ शकतात हे लक्षात आलं, आणि या सगळ्यांना 'संग्राह्य वस्तू' म्हणून बाहेर काढलं. यादी वाचताना डोळ्यांसमोर एखादं श्रीमंत घर येतं, भिंतीवर निवृत्तीचं खातं टांगलेलं आणि जेवणाबरोबर निवृत्तीचं खातं पीत बसलेलं. पण घराला तेव्हाही हात लावला नाही. कलम उघडून दुरुस्त करायला बसलेल्या माणसांनी घर वगळलं, म्हणजे १९७४ ची शांतता १९८१ मध्ये जवळजवळ परवानगी झाली असं मी म्हणेन. कोडमध्येही हेच होतं. एकदा रिव्ह्यूमधून सुटलेला बग दुसऱ्यांदा सुटला की त्याला फीचर म्हणतात.

दरम्यान १९७८ च्या कायद्याने ४०१(के) जन्माला आलं. कंपन्यांनी जुन्या पेन्शनी हळूहळू बंद केल्या आणि कामगाराला सांगितलं, तुझं तू बघ. नोकरी बदलली की ४०१(के) चे पैसे आयआरएत वळवता येतात, आणि तिथे वर्षाची मर्यादा लागू नाही. छोटं खातं असं मोठं झालं. १,५०० डॉलरच्या खात्यात दोन लाख आले की मग ओहायोतलं घर दिसायला लागतं.

पण अख्खं घर रोखीत घ्यायचं तर दोन लाखही कधीकधी कमी पडतात. मग कर्ज घ्यावं का? घेता येतं, पण त्या कर्जाला तुम्ही वैयक्तिक जामीन राहू शकत नाही, कारण ती तुमची खात्याला मदत झाली. बँकेने फक्त घराकडे बघून कर्ज द्यायचं. आणि वर टॅक्स. हा टॅक्स कुठून आला याची गोष्ट मजेदार आहे, थोडं थांबून सांगतो.

न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला, म्हणजे तिच्या लॉ स्कूलच्या फायद्यासाठी, १९४७ साली म्यूलर नावाची मॅकरोनी बनवणारी कंपनी घेण्यात आली. विद्यापीठाला टॅक्स माफ, म्हणून मॅकरोनीच्या नफ्यालाही माफ असा युक्तिवाद होता. बाकीचे मॅकरोनीवाले खवळले, आणि ते बरोबरच होतं. १९५० साली काँग्रेसने ठरवलं की टॅक्समाफी असलेल्या संस्थेने आपल्या कामाशी संबंध नसलेला धंदा केला तर त्या धंद्यावर टॅक्स लागेल. मग लोकांनी दुसरी वाट काढली. टॅक्समाफ संस्थेने उधारीवर धंदा किंवा मालमत्ता घ्यायची आणि त्याच मालमत्तेच्या उत्पन्नातून उधारी फेडायची. अशा एका व्यवहाराला १९६५ साली सुप्रीम कोर्टाने मान्यता दिली, म्हणून १९६९ मध्ये काँग्रेसने तीही वाट बुजवली. कर्जातून आलेल्या उत्पन्नाच्या भागावर टॅक्स.

आयआरए ही टॅक्समाफ वस्तू, म्हणून मॅकरोनीचा नियम तिलाही लागू. निम्मी रक्कम कर्जाची असेल तर खर्च वजा जाता साधारण निम्म्या भाड्यावर खात्याला दरवर्षी टॅक्स भरावा लागतो, आणि घर विकलं तर नफ्याच्या तशाच हिश्श्यावर. १९८० साली जमीनजुमल्याच्या कर्जाबाबत पेन्शन फंडांना यातून सूट दिली. ती सूट ४०१(के) ला मिळते, आयआरएला नाही. का नाही, याचं पटणारं उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

इथे कुणी हुशार वाचक म्हणेल, मुळात अमेरिकेत भाड्याच्या घरावर इतक्या सवलती असतात, त्या खात्यात मिळतात का? उत्तर नाही असं आहे. घराच्या इमारतीवर साडेसत्तावीस वर्षं घसारा मिळतो, तो खात्यात वाया जातो. घर विकल्यावर दीर्घ मुदतीच्या नफ्याला कमी दर असतो, पण नेहमीच्या आयआरएतून पैसे काढताना सगळंच पगारासारखं उत्पन्न धरतात. मालक वारला तर वारसांना घराची किंमत त्या दिवसाच्या भावाने धरण्याची मोठी सवलत मिळते, तीही खात्यातल्या घराला नाही. म्हणजे ज्या वस्तूला कायद्याने आधीच लोकरीचा स्वेटर घातलाय तिला तो काढायला लावून वर छत्री धरल्यासारखं आहे. रॉथ प्रकारच्या खात्यात (१९९७ साली आलं, टॅक्स आधी भरा, नंतर काही नाही) गणित जरा बरं जमतं.

१९९६ साली टॅक्स कोर्टात 'स्वॉन्सन विरुद्ध कमिशनर' या खटल्याचा निकाल लागला. इलिनॉयमधल्या एका उद्योजकाने नवी कंपनी काढून तिचे पहिले शेअर आपल्या आयआरएला विकत घ्यायला लावले होते. सरकार म्हणालं, ही कंपनी तुमचीच, तुम्हीच डायरेक्टर, म्हणजे अपात्र माणसाशी व्यवहार. कोर्ट म्हणालं, शेअर निघाले त्या क्षणी कंपनीला एकही शेअरहोल्डर नव्हता, म्हणून तेव्हा ती कुणाचीच नव्हती. तर्क ऐकायला पोरकट वाटतो पण चोख आहे. ऑब्जेक्ट तयार होण्याआधी त्याचा मालक कोण, हा प्रश्न आहे.

या निकालावर एक अख्खा धंदा उभा राहिला. आयआरएने नवी एलएलसी कंपनी विकत घ्यायची, तुम्ही तिचे बिनपगारी मॅनेजर व्हायचं, कंपनीचं चेकबुक तुमच्या हातात. आता प्लंबरच्या बिलासाठी कस्टोडियनला फॉर्म पाठवायला नको. २००० च्या दशकात घरांचे भाव चढत होते तेव्हा हॉटेलांच्या हॉलमध्ये याची सेमिनारं व्हायची. पण चेकबुक हातात आलं तरी ४९७५ कलम गेलं नव्हतं. दोन भागीदारांनी २००१ मध्ये आपापल्या आयआरएच्या मालकीच्या कंपनीसाठी घेतलेल्या कर्जाला वैयक्तिक हमी दिली. पाच वर्षांनी कंपनी फायद्यात विकली. २०१३ साली टॅक्स कोर्टाने सांगितलं की हमी दिली तेव्हाच खाती संपली होती. २०२१ मध्ये एका बाईंचा निकाल लागला, त्यांनी अशाच कंपनीमार्फत घेतलेली सोन्याची नाणी स्वतःच्या घरातल्या तिजोरीत ठेवली होती. कोर्टाने तेही पैसे काढल्यासारखंच धरलं.

आता हॉफाची आठवण पुन्हा काढतो. एरिसाने सांभाळणाऱ्यावर पहारा बसवला होता. सेल्फ-डायरेक्टेड खात्यात निर्णय घेणारे तुम्ही. कस्टोडियन कागद ठेवतो, फी घेतो, पण तुम्ही घेतलेलं घर खरंच उभं आहे का हे बघणं त्याचं काम नाही. २०११ साली अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने, म्हणजे एसईसीने, याबद्दल जाहीर सावधगिरीची सूचना काढली, कारण फसवणारे लोक 'अमुक ट्रस्ट कंपनीने मान्य केलंय' असं सांगून माल विकत होते. २०१४ मध्ये तर युटातल्या अशी खाती बघणाऱ्या एका कंपनीवरच एसईसीने खटला भरला. आरोप होता गिऱ्हाइकांचे सुमारे २.२ कोटी डॉलर घालवल्याचा. गिऱ्हाइकांना खात्यावर शिल्लक दिसत होती, पैसे नव्हते.

साउथ बेंडच्या कामगाराचा निर्णय दुसऱ्याने घेतला आणि तो बुडाला. इथे निर्णय आपला. मला त्या दोन बुडण्यांत फार फरक वाटत नाही, फक्त दुसऱ्या वेळी भांडायला समोर कुणी नसतं.

एकाचं मात्र भलं झालं. पीटर थील यांनी १९९९ साली रॉथ आयआरएतून, पुढे जी पेपाल झाली त्या स्वतःच्या कंपनीचे १७ लाख शेअर दहावा हिस्सा सेंट भावाने घेतले. खर्च १,७०० डॉलर. 'प्रोपब्लिका'ने २०२१ मध्ये छापलं की २०१९ पर्यंत त्या खात्यात ५०० कोटी डॉलर झाले होते. गदारोळ झाला, त्याच वर्षी काँग्रेसच्या समितीपुढे अशा खात्यांवर बंधनं घालायचा प्रस्ताव आला आणि पुढे गळला. ब्लॅकलिस्ट तशीच राहिली.

आपल्याकडे निवृत्तीचा पैसा आणि घर यांचं नातं उलट्या दिशेने आहे. १९५२ च्या प्रॉव्हिडंट फंडाच्या योजनेत घरासाठी पैसे काढायची सोय जुनी आहे. मागच्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी डोंबिवली, चिंचवड, नाशिकला वनरूम-किचन घेतलं त्यात पीएफच्या ॲडव्हान्सचा हिस्सा होता. ते पैसे फंडातून कायमचे बाहेर आले. फंड रोडावला, पण घर त्यांचं झालं, त्यात आजी राहिली, मुलं शिकली, भिंती स्वतः रंगवल्या. तिकडच्या खात्यात घर फंडाच्या आत जातं, फंड शाबूत राहतो आणि घरचे लोक बाहेर. हिशोबाने कुठलं बरोबर ते तुमच्या टॅक्सच्या दरावर अवलंबून आहे. माझं जुनं ४०१(के) मी इंडेक्स फंडातच ठेवलंय. नळ गळत नाही, एवढं कारण मला पुरतं.

ज्यांना तरीही घ्यायचं आहे त्यांच्यासाठी शेवटची एक पायरी सांगायची राहिली. नेहमीच्या आयआरएतून ठराविक वयानंतर दरवर्षी थोडे पैसे काढावेच लागतात. हे वय आधी साडेसत्तर होतं, २०१९ च्या कायद्याने ७२ केलं, २०२३ पासून ७३. खात्यात नुसतं घर असेल आणि रोख नसेल तर काय काढणार, न्हाणीघर? तेव्हा दरवर्षी मूल्यांकन करून घराचा काही टक्के हिस्सा नव्या खताने स्वतःच्या नावावर करून घ्यावा लागतो. किंवा एकदाच अख्खं घर काढून घ्यायचं. त्या दिवशीच्या बाजारभावाएवढं उत्पन्न झालं असं धरून टॅक्स भरायचा, आणि खरेदीखतावरचं ट्रस्ट कंपनीचं नाव जाऊन तुमचं येतं. मग मात्र तिथे राहायला जायला, भिंत रंगवायला, आई-वडील असतील तर त्यांना बोलवायला हरकत नाही. टॅक्सची रोख रक्कम तेवढी दुसरीकडून आणायची.